रक्तसंक्रमण : शब्द, स्मृती आणि परजीवी संसर्गाचा प्रतिबंध

मराठीत 'रक्तसंक्रमण' म्हणजे एका व्यक्तीचे रक्त दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरात पोहोचविणे. महाराष्ट्रातील संबंधित शासकीय यंत्रणेचे नावही 'राज्य रक्त संक्रमण परिषद' असेच आहे. हिंदीत 'संक्रमण' या शब्दाचा रूढ अर्थ रोगाचा संसर्ग असा असल्यामुळे तेथे 'रक्त संक्रमण' म्हटले, की रक्ताला झालेला संसर्ग असा बोध होतो. रक्त चढविण्याच्या क्रियेला हिंदीने 'रक्ताधान' हा निराळा शब्द योजला आहे. बंगालीतही 'संक्रमण' हा संसर्गच असतो. रक्त देण्याच्या क्रियेला तेथे 'रक्त सञ्चालन' अथवा 'परिसञ्चालन' म्हणतात. एकाच संस्कृत तत्सम शब्दाने एका भाषेत उपचाराचे आणि शेजारच्या दोन भाषांत व्याधीचे नाव धारण करावे, ही तौलनिक अभ्यासकाला केवळ गमतीची वाटणारी बाब नव्हे. ज्या वैद्यकीय प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे, त्याचे सार या दोन अर्थांच्या सान्निध्यात आले आहे. जीव वाचविण्यासाठी रक्त ज्या मार्गाने जाते, त्याच मार्गाने रोगही जाऊ शकतो.

प्रस्तुत लेखाचा उद्देश दुहेरी आहे. रक्तावाटे कोणते परजीवी एका देहातून दुसऱ्या देहात जातात आणि त्यांना अडविण्याचे कोणते उपाय आहेत, हे सुबोधपणे मांडणे हा पहिला. या उपायांपैकी एक महत्त्वाचा उपाय, म्हणजे रक्तदात्याला विचारले जाणारे प्रश्न, हा मूलतः भाषेचा, भाषांतराचा आणि आत्मकथनाचा व्यवहार आहे, हे दाखविणे हा दुसरा. प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या मर्यादा लक्षात घेतल्या, की या दुसऱ्या मुद्द्याचे गांभीर्य स्पष्ट होते.

१. परजीवी आणि यजमान

'पॅरासाइट' हा शब्द जीवशास्त्राला नाटकाने दिला. ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ 'अन्नाशेजारी बसणारा', म्हणजे दुसऱ्याच्या पंक्तीला जेवणारा. ग्रीक आणि पुढे रोमन सुखात्मिकांत स्तुती करून फुकटचे जेवण मिळविणारे हे एक ठरीव पात्र होते. प्राणी आणि वनस्पती यांच्या संदर्भातील उपयोग त्यानंतर कित्येक शतकांनी आला. मराठीने या कल्पनेसाठी 'परजीवी', 'परोपजीवी' असे घडविलेले शब्द स्वीकारले. परंतु तिच्यापाशी 'बांडगूळ' हा अस्सल देशी शब्द आधीपासूनच होता. झाडाच्या फांदीवर वाढून त्याचाच रस शोषणाऱ्या या वनस्पतीचे नाव माणसांनाही लावले जाते, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

साहित्यसमीक्षेत ही रूपककल्पना १९७७ मध्ये जे. हिलिस मिलर यांच्या समीक्षक आणि यजमान या विषयावरील निबंधाने, तसेच १९८० मध्ये मिशेल सेर यांच्या 'ल पारासीत' या ग्रंथाने चर्चेत आणली. फ्रेंचमध्ये 'ओत' हा एकच शब्द यजमान आणि पाहुणा या दोहोंसाठी चालतो, आणि 'पारासीत' या शब्दाचा आणखी एक अर्थ संदेशवहनात मिसळणारी खरखर असा आहे. हा तिसरा अर्थ पुढील विवेचनात उपयोगी पडेल. रक्तदाता आणि रक्तपेढी यांच्यातील प्रश्नोत्तरांत जेव्हा अशी खरखर शिरते, तेव्हा खराखुरा परजीवी निसटून जातो.

२. रक्तातून प्रवास करणारे परजीवी

रक्तावाटे पसरणाऱ्या परजीवी रोगांत हिवतापाचे स्थान पहिले आहे. हिवतापाचा परजीवी मानवी रक्तात प्रथम पाहिला तो आल्फाँस लाव्हरान यांनी, १८८० मध्ये अल्जीरियात. तो डासाच्या देहात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये दाखवून दिले. डासाला वगळून केवळ रक्ताच्या द्वारे हा रोग पोहोचतो, याचे प्रात्यक्षिक पुढे वैद्यकानेच हेतुपुरस्सर घडविले. व्हिएन्नातील युलिउस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये उपदंशजन्य मेंदूविकाराच्या रुग्णांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त टोचले. येणाऱ्या तीव्र तापाने मूळ व्याधी आटोक्यात येईल, हा त्यांचा अंदाज होता. या उपचारासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमिताव घोष यांच्या 'द कलकत्ता क्रोमोसोम' या कादंबरीने रॉस यांचे संशोधन आणि हा उपचार हे दोन्ही धागे कथासूत्रात गुंफले आहेत, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे.

डासाने दिलेला हिवताप आणि रक्तपिशवीतून आलेला हिवताप यांत एक महत्त्वाचा भेद आहे. डासाच्या लाळेतून येणारे परजीवीचे रूप प्रथम यकृतात जाते, तेथे वाढते आणि मग तांबड्या पेशींत शिरते. दात्याच्या रक्तातून जे येते ते तांबड्या पेशींत आधीच वाढत असलेले रूप होय. त्याला यकृताची पायरी लागत नाही. परिणामी व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीची यकृतात सुप्त राहणारी रूपे या रुग्णात निर्माण होत नाहीत, आणि त्या सुप्त रूपांच्या नाशासाठी द्यावे लागणारे प्रायमाक्विन हे औषधही त्याला सामान्यतः आवश्यक ठरत नाही. परंतु हा दिलासा अल्प आहे. रक्त घेणारा रुग्ण आधीच क्षीण असतो. त्याला ताप आला तर तो शस्त्रक्रियेचा, जंतुसंसर्गाचा किंवा रक्त न मानविल्याचा परिणाम समजला जाण्याचा संभव असतो. निदानाला होणारा हा उशीर फॅल्सिपॅरम जातीच्या हिवतापात प्राणघातक ठरू शकतो.

दुसरा रोग चागास. ब्राझीलमधील कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये या रोगाचा परजीवी, त्याचा वाहक ढेकूणवर्गीय कीटक आणि रोग या तिहींचे वर्णन एकट्याने केले. संसर्ग झालेल्या बहुतेकांना अनेक वर्षे काहीच जाणवत नाही. मात्र परजीवी आयुष्यभर देहात राहतो, आणि काही जणांचे हृदय अथवा पचनमार्ग हळूहळू निकामी करतो.

तिसरा काळा आजार, म्हणजे लीशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये ज्याचा परजीवी स्वतंत्रपणे वर्णिला तो रोग. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांशी त्याचा दीर्घ संबंध आहे. बंगाली साहित्याच्या इतिहासात त्याची नोंद एका हानीने झाली आहे : सुकुमार राय यांचे १९२३ मध्ये अकाली निधन झाले ते याच रोगाने. फणीश्वरनाथ रेणू यांच्या 'मैला आँचल' (१९५४) मधील डॉक्टर प्रशांत मेरीगंजला येतो तो हिवताप आणि काळा आजार यांच्याच अभ्यासासाठी. हा परजीवी मुख्यतः पांढऱ्या पेशींत राहतो, त्यामुळे रक्तावाटे त्याचा प्रसार हिवतापाच्या मानाने विरळ आहे.

चौथा बॅबेसिओसिस. गोचिडीवाटे पसरणारा हा परजीवी हिवतापाप्रमाणेच तांबड्या पेशींत राहतो आणि प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्य व उत्तर-मध्य भागांत रक्तपेढ्यांची चिंता बनला आहे. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्याही रक्तातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. परंतु डासाच्या देहातील टप्पा पार केल्याशिवाय त्यांची पूर्ण वाढ होत नाही, म्हणून रक्त घेणाऱ्यास त्यांच्यापासून हत्तीरोग होत नाही.

३. चाचणीची मर्यादा

रक्ताची चाचणी केली म्हणजे प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज असतो. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप या पाच रोगांसाठी तपासणी अनिवार्य आहे. तथापि हिवतापाच्या बाबतीत या चाचणीचे सामर्थ्य किती, हे साध्या अंकगणिताने समजून घेता येईल.

सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहून हिवतापाचा परजीवी ओळखावयाचा, तर नेहमीच्या कामकाजात प्रत्येक मायक्रोलिटरमागे सुमारे ५० परजीवी असावे लागतात. त्याहून कमी असल्यास अनुभवी तंत्रज्ञाच्या नजरेतूनही ते निसटू शकतात. आता रक्ताची एक पिशवी ३५० मिलिलिटरची, म्हणजे ३,५०,००० मायक्रोलिटरची आहे असे धरू. प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये केवळ एक परजीवी असला, तरी त्या पिशवीत साडेतीन लक्ष परजीवी असतील आणि चाचणी तिला निर्दोष ठरवील. ५० च्या मर्यादेजवळ हीच संख्या पावणेदोन कोटींवर जाते. रुग्णाला संसर्ग होण्यास मात्र अत्यल्प परजीवी पुरेसे असतात. चाचणी थेंबाची होते, रक्त पिशवीभर दिले जाते. या तफावतीतच धोका दडलेला आहे.

झटपट होणाऱ्या प्रतिजन चाचण्यांची संवेदनक्षमताही साधारण याच पातळीवर घोटाळते. प्रतिपिंडांची चाचणी अधिक जुन्या संसर्गाचाही माग काढते. ब्रिटन आणि फ्रान्स येथे हिवतापग्रस्त प्रदेशांशी संबंध आलेल्या दात्यांसाठी ती वापरली जाते. भारतात ती तशीच लागू केली, तर पूर्वी कधी तरी हिवताप होऊन पूर्ण बरे झालेले असंख्य दाते नाकारले जातील आणि रक्ताचा तुटवडा पडेल. परजीवीच्या जनुकद्रव्याचा शोध घेणाऱ्या चाचण्या अधिक सूक्ष्म आहेत. बॅबेसिआसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये अशा चाचणीस मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये १४ राज्ये व राजधानीचा प्रदेश येथे दात्यांच्या तपासणीची शिफारस करण्यात आली. हिवतापासाठीची दात्यांची चाचणी तेथे २०२४ मध्ये मान्य झाली. त्यांचा खर्च आणि लागणारी यंत्रसामग्री पाहता, लहान गावातील रक्तकेंद्रापर्यंत त्या पोहोचणे सोपे नाही.

शीतकपाटावरही विसंबून राहता येत नाही. तांबड्या पेशी सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात साठविल्या जातात. या तापमानात हिवतापाचे परजीवी किमान आठवडाभर, क्वचित त्याहून अधिक काळ, आणि चागासचे परजीवी सुमारे तीन आठवडे जिवंत राहतात. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, तर साध्या खोलीच्या तापमानात ठेवाव्या लागतात. गोठविलेल्या रक्तद्रवात मात्र हिवतापाचा परजीवी टिकत नाही.

४. प्रश्नावली : वैद्यकातील एक भाषिक संहिता

चाचणीच्या या मर्यादांमुळे पहिली तटबंदी ठरते ती दात्याशी होणारे संभाषण. राष्ट्रीय रक्ताधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हिवताप झालेल्या व्यक्तीने पूर्ण बरे झाल्यानंतर तीन महिने रक्तदान करावयाचे नसते; काळा आजार झालेल्या व्यक्तीला ते कायमचे वर्ज्य आहे. हा नियम अमलात यावयाचा, तर दात्याला आपल्याला कोणता रोग झाला होता हे ठाऊक असले पाहिजे, ते आठवले पाहिजे, प्रश्नातील शब्द त्याच्या अनुभवाशी जुळला पाहिजे आणि खरे सांगण्याची त्याची तयारी असली पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट सूक्ष्मदर्शकाच्या कक्षेत येत नाही.

येथे देशांची तुलना उद्बोधक ठरते. जेथे हिवताप नाही, तेथे दात्याला मुख्यतः 'आपण कोठे गेला होता?' असे विचारतात. हा भूगोलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पारपत्रावरूनही देता येते. अमेरिकेत प्रवाशांसाठीची प्रतीक्षेची मुदत एक वर्ष होती, ती एप्रिल २०२० मध्ये तीन महिने करण्यात आली. भारतासारख्या देशात, जेथे दाता आणि रुग्ण दोघेही त्याच प्रदेशात राहतात, तेथे हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. त्याची जागा 'आपल्याला काय झाले होते?' हा प्रश्न घेतो. भूगोलाकडून आपण स्मृतीकडे वळतो, आणि स्मृती ही भाषेत साठविलेली असते.

रोगांची नावे पाहू. 'मलेरिया' हा शब्द इटालियन भाषेत 'वाईट हवा' या अर्थाचा. त्यात रोगाच्या कल्पित कारणाचा निर्देश आहे. मराठी 'हिवताप' आणि 'थंडीताप', तसेच हिंदी 'जूड़ी' हे शब्द लक्षणाचा निर्देश करतात. मराठी 'पाळीचा ताप' आणि बंगाली 'पालाज्वर' ही सख्खी भावंडे असून तापाच्या आवर्तनाकडे ती लक्ष वेधतात. हिंदीतील 'तिजारी' आणि 'चौथिया' यांमागे चरक-सुश्रुतांच्या विषमज्वराच्या वर्गीकरणातील 'तृतीयक' आणि 'चतुर्थक' उभे आहेत. म्हणजे एक नाव कारण सांगते, दुसरे लक्षण, तिसरे काळ. ज्याच्या मनात 'थंडीताप' आहे, त्याला 'मलेरिया झाला होता का?' असे विचारले तर तो निःशंक मनाने 'नाही' म्हणेल, आणि ते त्याच्या परीने खरेच असेल.

कालगणनेचा तर वेगळाच पेच आहे. तृतीयक ज्वर दर ४८ तासांनी येतो. ज्या दिवशी ताप आला तो पहिला दिवस धरला, तर पुढचा ताप तिसऱ्या दिवशी येतो, म्हणून तो 'तृतीयक'. युरोपीय वैद्यकातील 'टर्शियन' ही संज्ञाही याच समावेशक मोजणीवर आधारलेली आहे. आधुनिक मराठीत आपण त्याला 'एक दिवसाआड' येणारा ताप म्हणू. एखाद्या भाषांतरकाराने 'टर्शियन'चा शब्दशः 'दर तीन दिवसांनी' असा अनुवाद केला, तर प्रश्न व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि वैद्यकदृष्ट्या चुकीचा होईल. चतुर्थक हा दोन दिवसांआड, म्हणजे ७२ तासांनी येणारा ताप. त्याचा परजीवी कित्येक वर्षे, प्रसंगी काही दशके, लक्षणांशिवाय रक्तात राहू शकतो, आणि तीन महिन्यांचा नियम त्याला पुरा पडत नाही.

'काळा आजार' या नावाची अडचण उलट प्रकारची आहे. हिंदी 'काला-आज़ार' आणि मराठी 'आजार' यांतील फारसी मूळ एकच, त्यामुळे भाषांतर सहज होते. किंबहुना फारच सहज होते. ज्या प्रदेशात हा रोग आढळत नाही, तेथील मराठी भाषकाला 'काळा आजार' हे विशिष्ट रोगाचे नाव न वाटता एखादे सामान्य वर्णन वाटू शकते. ध्वनी जुळतात, संकल्पना जुळत नाही. भाषांतरमीमांसेत ज्यांना फसवे मित्र म्हटले जाते, त्यांपैकीच हा एक.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप गडचिरोली जिल्ह्यात दिसते. राज्यातील हिवतापाचा मोठा भार दीर्घकाळ या जिल्ह्याने वाहिला आहे, आणि तेथे मराठीबरोबर माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली या भाषा बोलल्या जातात. सिकलसेलच्या रुग्णांची संख्याही तेथे लक्षणीय असल्याने रक्ताची निकडही मोठी असते. अशा ठिकाणी प्रमाण मराठीतील छापील प्रश्न पुरेसा कसा ठरावा? प्रश्नाची उकल अनुभवाच्या पायऱ्यांत करणे अधिक उपयुक्त आहे : गेल्या तीन महिन्यांत थंडी वाजून ताप आला होता का, तो दिवसाआड येत होता का, बोटाला टोचून रक्त तपासले होते का, त्यानंतर काही दिवस रोज घ्यावयाच्या गोळ्या दिल्या होत्या का? रोगाचे नाव विसरणाऱ्या व्यक्तीला टोचलेले बोट आणि चौदा दिवसांच्या गोळ्या आठवतात. लोककथांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत परिचयाची वाटेल. निवेदकाला त्याच्याच तपशिलांतून बोलते करावे लागते.

चागासच्या बाबतीतही हेच दिसते. त्याच्या वाहक कीटकाला ब्राझीलमध्ये 'बार्बेइरो', म्हणजे न्हावी, म्हणतात, कारण तो झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावतो. अर्जेंटिना आणि बोलिव्हियात तो 'व्हिंचूका', व्हेनेझुएलात 'चिपो', कोलंबियात 'पितो' होतो. या सर्व देशांतून आलेल्या स्थलांतरितांना एकाच शब्दाने प्रश्न विचारणे अशक्यप्राय असते. शिवाय लक्षणे नसल्याने अनेकांना आपल्याला संसर्ग आहे याचीच कल्पना नसते. म्हणून अमेरिकेने २००७ पासून प्रश्नावलीऐवजी प्रतिपिंड चाचणीवर भर दिला. आजन्म टिकणारा हा संसर्ग चाचणीत सापडतो, आणि दाता पहिल्यांदा येतो तेव्हा एकदाच तपासणे बव्हंशी पुरते.

५. दान, विक्रय आणि सत्य

दात्याने खरे सांगावे, ही अपेक्षा केवळ त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नसते. व्यवस्था त्याला खरे सांगू देते काय, हा खरा प्रश्न आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये 'द गिफ्ट रिलेशनशिप' या ग्रंथात ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना करून असे प्रतिपादन केले, की रक्त विकत घेतले जाऊ लागले म्हणजे ते नैतिकदृष्ट्याच नव्हे, तर आरोग्यदृष्ट्याही निकृष्ट होते. जो पैशासाठी रक्त देतो त्याला आजार लपविण्याचे कारण असते. जो विनामूल्य देतो त्याला ते नसते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर जानेवारी १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनेही रक्ताच्या व्यापारास मनाई केली.

मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांनी या कृतीला 'दान' म्हटले आहे. उर्दूने त्यासाठी 'अतिया' हा शब्द घेतला. 'दान' शब्दाच्या संस्कारात पात्रापात्रतेचा विचार असतो, पण परंपरेने तो मुख्यत्वे घेणाऱ्याच्या पात्रतेचा. रक्तदानात हा क्रम उलटतो. येथे देणाऱ्याची पात्रता तपासली जाते. नाकारला गेलेला दाता अपमानित होतो तो या सांस्कृतिक अपेक्षेमुळे. 'तुमचे दान आम्हाला नको' असे त्याच्या कानी पडते. वास्तविक त्याला 'तीन महिन्यांनी या' एवढेच सांगावयाचे असते. नातेवाइकासाठी बदली रक्त देण्यास आलेल्या माणसावर हे दडपण अधिक असते. बाहेर कुटुंब वाट पाहत असताना 'मला गेल्या महिन्यात ताप होता' हे उच्चारणे कठीण जाते. म्हणून हे संभाषण एकांतात व्हावे, आणि नंतरही गुप्तपणे 'माझे रक्त वापरू नका' असे कळविण्याची सोय दात्याला असावी, या दोन्ही गोष्टी प्रतिबंधाचाच भाग होत.

'पेढी' या शब्दाचाही येथे विचार करावा लागतो. १९३७ मध्ये शिकागो येथे बर्नार्ड फँटस यांनी साठविलेल्या रक्ताच्या व्यवस्थेला 'बँक' हे नाव दिले. मराठीने त्यासाठी सावकारी व्यवहारातील 'पेढी' हा शब्द घेतला. पेढी म्हटली, की ठेव आली, काढणे आले, परतफेड आली. बदली दात्याची कल्पना या रूपकात सहज सामावते. भारतीय नियमांत २०२० पासून 'ब्लड बँक' ऐवजी 'रक्तकेंद्र' या अर्थाची संज्ञा आली आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र 'रक्तपेढी'च कायम आहे.

६. प्रतिबंधाची इतर साधने

प्रश्न आणि चाचणी यांच्यापलीकडे प्रत्यक्ष रक्तावर प्रक्रिया करण्याचा मार्ग आहे. १९५० च्या दशकात साऊ पाउलो येथे चागासच्या परजीवीला मारण्यासाठी साठविलेल्या रक्तात जेन्शियन व्हायोलेट हे रंगद्रव्य मिसळण्याची पद्धत निघाली. रक्त चोवीस तास थंड ठेवले, की परजीवी नष्ट होत; परंतु ते रक्त घेणाऱ्याच्या त्वचेवर जांभळी छटा येई. लॅटिन अमेरिकेत अनेक वर्षे वापरली गेलेली ही पद्धत दात्यांच्या चाचण्या सार्वत्रिक झाल्यावर मागे पडली. पांढऱ्या पेशी गाळून काढल्याने काळ्या आजारासारख्या, त्या पेशींत राहणाऱ्या परजीवींचा धोका कमी होतो. रिबोफ्लेविन किंवा अन्य रसायन आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने परजीवींचे जनुकद्रव्य निकामी करण्याच्या आधुनिक पद्धती बिंबिका आणि रक्तद्रव यांसाठी काही देशांत प्रचारात आहेत.

सर्वांत साधा उपाय बहुधा दुर्लक्षित राहतो : अनावश्यक रक्त न देणे. जी पिशवी चढविलीच नाही, तिच्यातून रोग होत नाही. आणि रक्त दिल्यानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत आलेल्या तापाची दखल घेऊन तो दात्यापर्यंत मागे शोधत जाणे हाही प्रतिबंधच आहे, कारण त्याच दात्याचे इतर घटक अन्य रुग्णांना दिले गेलेले असू शकतात. अशा घटनांच्या नोंदीसाठी भारतात डिसेंबर २०१२ पासून राष्ट्रीय पातळीवर रक्तसुरक्षा देखरेखीचा कार्यक्रम सुरू आहे.

७. समारोप

या साऱ्यात ज्यांचे सर्वाधिक पणाला लागलेले असते, ते थॅलेसेमियाचे रुग्ण. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर रक्त लागते. प्रत्येक पिशवी म्हणजे एक नवा दाता, एक नवी प्रश्नावली आणि एक नवे उत्तर. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये असा तर्क मांडला, की थॅलेसेमियाचे जनुक भूमध्य प्रदेशात टिकून राहिले ते हिवतापापासून संरक्षण देत असल्यामुळे. पुढील संशोधनाने या विचाराला बळकटी दिली. पूर्वजांना हिवतापापासून वाचविणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती एका मुलात एकत्र येतात, आणि ते मूल अशा उपचारावर जगते ज्यातून हिवताप पुन्हा त्याच्याकडे येऊ शकतो. निसर्गाच्या इतिहासातील ही वक्रोक्ती कोणत्याही साहित्यकृतीहून कमी तीव्र नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने वैद्यकाला उपदेश करावा, असा या लेखाचा आग्रह नाही. परंतु बहुभाषिक देशात रोगनामांचा तौलनिक कोश तयार करणे, प्रश्नावलीचे भाषांतर करून ते मूळ भाषेत परत भाषांतरित करून पडताळणे, आणि बोलीतील कालगणना व लक्षणवाचक शब्द नोंदविणे ही कामे भाषाविभागांच्या आवाक्यातील आहेत, आणि ती अद्याप पुरेशी झालेली नाहीत. मराठीतील 'संक्रमण' उपचार राहावे आणि हिंदी-बंगालीतील 'संक्रमण' होऊ नये, यासाठी प्रयोगशाळेइतकीच गरज नेमक्या शब्दाची आहे.